इंजिन वाढवलं, पण शाफ्टचं काय?

आज गाडीच्या अशा भागाबद्दल बोलायचंय, ज्याचा फोटो सहसा कुणी इन्स्टावर टाकत नाही. गाडी फास्ट करायची म्हटलं की गप्पा कुठे जातात? रीमॅप, टर्बो, एक्झॉस्ट. आकडा वाढतो, ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतो, सगळे अंगठे दाखवतात. पण ती वाढलेली ताकद चाकापर्यंत नेतं कोण? क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शिअल आणि शेवटी दोन हाफशाफ्ट. ही सगळी वरात म्हणजे ड्राइव्हट्रेन. आणि गेली सव्वाशे वर्षं गोष्ट साधारण तीच आहे. इंजिनवाले पुढे पळतात, शाफ्टवाले मागून तुटलेले तुकडे गोळा करत येतात.

इतिहासात शिरण्याआधी एक छोटा हिशोब करू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. समजा इंजिनाचा टॉर्क आहे ४०० न्यूटनमीटर. पहिल्या गिअरचं प्रमाण ३.५. म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडताना शाफ्टवर आले १४०० न्यूटनमीटर. डिफरन्शिअलमध्ये पुन्हा ३.५ पट. झाले ४९००, दोन्ही हाफशाफ्टमध्ये मिळून. आता ट्यूनरने लॅपटॉप लावून इंजिनात फक्त १०० वाढवले, तर चाकांजवळ वाढले १२२५. आमच्या धंद्यात सर्व्हर दुप्पट केला की दुसऱ्या दिवशी डेटाबेस रडायला लागतो, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की डेटाबेस रीस्टार्ट होतो.

आता चला १८९८ च्या पॅरिसला.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांत ताकद चाकापर्यंत जायची ती पट्ट्याने किंवा साखळीने. सायकलची चेन असते तशीच, फक्त जाडजूड. लुई रेनॉ नावाच्या २१ वर्षांच्या पोराने द दियों-बूतोंची एक तीनचाकी घेतली, तिची चारचाकी केली आणि चेन काढून टाकून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत सरळ शाफ्ट टाकला. वरच्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट थेट जोडलेले, मध्ये दातांची घासाघीस नाही. २४ डिसेंबरला, ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, त्याने ती गाडी मोंमार्त्रच्या र्‍यू लेपिक या चढावर नेऊन दाखवली. चढ साधारण १३ टक्के. गाडी चढली आणि त्याच रात्री त्याला १२ गाड्यांच्या ऑर्डरी मिळाल्या. पुढच्या फेब्रुवारीत त्याने त्या डायरेक्ट ड्राइव्हचं पेटंट घेतलं. रेनॉ कंपनीचा पाया हा असा गिअर आणि शाफ्टवर उभा आहे. इंजिन तर दुसऱ्याचंच होतं!

तुम्हाला वाटेल, मग काय, रेसिंगवाल्यांनी लगेच शाफ्ट उचलला असेल. उलट झालं. १९०९ ची ब्लिट्झन बेन्झ घ्या. साडेएकवीस लिटरचं इंजिन, २०० हॉर्सपॉवर, आणि १९११ मध्ये डेटोनाच्या किनाऱ्यावर ताशी २२८ किलोमीटर. त्या काळच्या बऱ्याच विमानांपेक्षा वेगवान. तिच्या मागच्या चाकांना काय होतं? चेन. कारण शाफ्ट आला की त्याची फिरकी काटकोनात वळवायला बेव्हल गिअर लागतात, आणि एवढा टॉर्क ते दात झेलतील यावर त्या वेळच्या इंजिनिअरांचा भरवसा नव्हता. म्हणजे हलक्या गाडीला शाफ्ट, जबरदस्त गाडीला चेन. आज आपण चेनला जुनाट म्हणतो, पण माझ्या मते त्या लोकांचा निर्णय बरोबर होता. हातात जे पोलाद होतं, जे गिअर कापता येत होते, त्यावर त्यांनी ठरवलं. ब्रिटनच्या फ्रेझर नॅशने तर १९३० चं दशक संपेपर्यंत चेन सोडली नाही.

शाफ्टची दुसरी डोकेदुखी म्हणजे जॉइंट. मागचा अ‍ॅक्सल खड्ड्यात वरखाली होतो, गिअरबॉक्स जागेवर असतो. मग शाफ्ट वाकडा होऊनही फिरला पाहिजे. यासाठी जो जॉइंट वापरतात त्याला आपल्याकडे ट्रक-ट्रॅक्टरचे मेकॅनिक 'क्रॉस' म्हणतात, कारण मधला तुकडा अधिकच्या चिन्हासारखा असतो. युरोपात याला कार्डान म्हणतात, सोळाव्या शतकातल्या इटालियन गणिती कार्डानोवरून. इंग्रजीत हूकचा जॉइंट, कारण रॉबर्ट हूकने १६७० च्या दशकात तो खगोलाच्या उपकरणांसाठी मांडला आणि त्याचा स्वभाव नीट ओळखला. हो, स्प्रिंगच्या नियमावाला तोच हूक, बारावीतला.

स्वभाव काय, तर हा जॉइंट वाकडा असताना एकसारखा फिरत नाही. ३० अंशाचा कोन असेल आणि एका बाजूला ३००० आरपीएम नेमके असतील, तर दुसऱ्या बाजूचा वेग एका फेरीत दोनदा २६०० च्या खाली जातो आणि दोनदा ३४६० पर्यंत चढतो. सरासरी ३००० च, पण प्रत्येक फेरीला झटके. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक जॉइंट ठेवतात, दोघांचे कोन सारखे आणि फोर्क एका रेषेत, म्हणजे एकाने घातलेला घोळ दुसरा निस्तरतो. गाडी खाली बसवली किंवा उचलली, की हे कोन बिघडतात. सस्पेन्शन बदलल्यावर ठरावीक वेगाला सीटखाली घरघर सुरू झाली, तर संशयितांच्या यादीत शाफ्टचा कोन वर ठेवा.

चाक वळतंही आणि ताकदही घेतं, अशा पुढच्या चाकांना मात्र ही जोडी पुरत नव्हती. १९२० च्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पाने सहा गोळ्यांचा जॉइंट काढला. कितीही वळवा, आत-बाहेर वेग सारखा. हाच आजचा सीव्ही जॉइंट. सर्वसामान्यांच्या दारात तो खऱ्या अर्थाने आला १९५९ च्या मिनीतून. ८४८ सीसी, ३४ हॉर्सपॉवर, १० इंची चाकं. तिच्या हाफशाफ्टच्या बाहेरच्या टोकाला झेप्पाचा जॉइंट होता, आतल्या टोकाला मात्र रबराचं कपलिंग. ३४ हॉर्सपॉवरला ते रबर ठीक होतं. मग जॉन कूपरने हात घातला, १९६३ ची कूपर एस ७० हॉर्सपॉवरची झाली, १९६४ मध्ये मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. ताकद दुप्पट झाली तेव्हा रबराची मर्यादा दिसली. आजही जुनी मिनी ताकदवान करणारे लोक आतलं रबर काढून पोलादी जॉइंट बसवतात.

आता अमेरिका. माझा सगळ्यात आवडता किस्सा इथला आहे.

१९६६ मध्ये क्रायस्लरने ४२६ हेमी इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत दिलं. सात लिटर, कागदावर ४२५ हॉर्सपॉवर. आता एकाच गाडीचे दोन प्रकार: एकात ऑटोमॅटिक, दुसऱ्यात चार गिअरचं मॅन्युअल. इंजिन तेच. पण मॅन्युअलला मागे डाना ६० नावाचा अ‍ॅक्सल, ९.७५ इंची रिंग गिअरवाला, जो मुळात अवजड पिकअप आणि व्हॅनच्या दुनियेतला. ऑटोमॅटिकला त्यापेक्षा लहान, ८.७५ इंची. असं का? कारण शाफ्ट मोडतो तो बहुधा सरासरी ताकदीने नाही, झटक्याने. ५००० आरपीएमवर क्लचवरून पाय उचलला की इंजिन आणि जड फ्लायव्हीलमध्ये साठलेली सगळी फिरकी एका क्षणात शाफ्टवर आदळते. ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलातली घसरण, तो हा धक्का मऊ करतो. कारखान्याने हे ओळखून ट्रकच्या जातीचं सामान रेसच्या गाडीत घातलं. फोर्डचा नऊ इंची अ‍ॅक्सल, १९५७ ते १९८६ पर्यंत बनलेला, ड्रॅग रेसिंगचा लाडका झाला त्यालाही असंच कारण आहे. त्याच्या पिनियनला मागूनही एक बेअरिंगचा आधार असतो, म्हणून झटक्यात पिनियन सरकत नाही. घर्षण थोडं जास्त खातो, पण टिकतो.

आणि मोडतो तेव्हा काय होतं, हेही ऐका. पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक खाली पडतं, रस्त्यात रुततं आणि गाडी मागून उचलली जाऊ शकते, बांबूच्या उडीसारखी. किंवा फिरता शाफ्ट तळ फोडून आत येतो, नेमका जिथे तुमचे पाय आहेत तिथे. म्हणून अमेरिकेच्या ड्रॅग रेसिंग नियमांत शाफ्टभोवती पोलादी कडं लागतं, पुढच्या जॉइंटपासून ६ इंचांच्या आत. इंजिनवर लाखो घालणारे या कड्याचे पैसे वाचवतात, तेव्हा मला त्यांचं गणित कळत नाही.

टायरची गोष्टही इथेच येते. साधा टायर घसरला की ताकद धुरात जाते आणि शाफ्ट वाचतो. टायर हा एक प्रकारचा फ्यूज आहे. चिकट रेसिंग टायर लावले की फ्यूज काढून तार जोडली म्हणायचं. १९८० मध्ये जिनिव्हात आलेल्या ऑडी क्वाट्रोने चारही चाकांना ताकद दिली, तेव्हा पकड कमालीची वाढली. तिची खरी हुशारी मात्र गिअरबॉक्समध्ये लपली होती. २६३ मिलिमीटरचा एक पोकळ शाफ्ट: पोकळ भागातून ताकद मधल्या डिफरन्शिअलकडे मागे जाते आणि त्याच्याच पोटातून दुसरा शाफ्ट पुढच्या चाकांकडे परत येतो. जीपसारखा जड ट्रान्सफर केस लागलाच नाही. पुढच्याच वर्षी मिशेल मूतोंने हीच गाडी घेऊन सानरेमो रॅली जिंकली, जागतिक रॅली जिंकणारी पहिली महिला.

मग नुसता जाड शाफ्ट टाकला की झालं? भरीव दांडा १० टक्के जाड केला की पिळाला सुमारे ३३ टक्के जास्त पुरतो, हे खरं. पण कडक होण्याचेही तोटे असतात. कॅडिलॅकच्या २००९ च्या सीटीएस-व्हीला ५५६ हॉर्सपॉवर होते आणि जोरात निघताना मागची चाकं उड्या मारू नयेत असं हवं होतं. त्यांनी काय केलं, एका बाजूचा हाफशाफ्ट ५५ मिलिमीटरचा आणि दुसऱ्या बाजूचा ३५ चा दिला. हाफशाफ्ट ही स्प्रिंगच असते, पिळते आणि सुटते. दोन्ही एकाच तालात पिळले की चाकं नाचतात. ताल वेगळे केले, नाच थांबला. केवढं साधं!

लांब प्रोपेलर शाफ्टचं दुखणं वेगळं. फिरता लांब दांडा ठरावीक वेगाला मधून धनुष्यासारखा वाकतो, दोरीच्या उड्यांच्या दोरीसारखा. ताशी २५० किलोमीटरला, वरच्या आपल्या हिशोबातल्या गाडीत, शाफ्ट ७००० आरपीएमच्या वर फिरत असतो. लांबी निम्मी केली की ही मर्यादा चौपट होते, म्हणून कंपन्या शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये बेअरिंग देतात. लोकांना वाटतं अ‍ॅल्युमिनियम टाकलं की प्रश्न सुटला. वजन कमी होतं, पण वजनाच्या मानाने ताठपणा स्टीलचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा जवळपास सारखाच. फायदा होतो तो नळी रुंद केल्याने. कार्बन फायबर मात्र खरंच वेगळ्या जातीचं.

बीएमडब्ल्यूने २०१४ च्या एम३ आणि एम४ मध्ये तेच केलं. एकाच तुकड्यात कार्बनचा शाफ्ट, मधलं बेअरिंग गायब, वजन आधीच्यापेक्षा सुमारे ४० टक्के कमी. चाहते खूश. आणि २०१७ च्या अखेरीस कंपनीने तो काढून पुन्हा स्टीलचा बसवला. मोडला म्हणून नाही. युरोपच्या नव्या प्रदूषण नियमांसाठी एक्झॉस्टमध्ये फिल्टर घालायचा होता, आणि कार्बनची नळी रुंद असल्याने गाडीच्या पोटाखाली जागाच उरली नव्हती.

क्लचबद्दल आज मुद्दाम बोललो नाही, तो एक पूर्ण भाग खाईल. तोवर कुणाच्या गाडीला वळताना पुढून कटकट आवाज येत असेल, तर आधी सीव्ही जॉइंटचं रबरी बूट फाटलंय का ते वाकून बघा. रीमॅप नंतर.