गॉटहार्डच्या अंधारात

स्वित्झर्लंडमधील गॉटहार्डच्या जुन्या रेल्वेमार्गावर वासेन गावचे चर्च प्रवाशांना तीनदा दिसते. गाडी डोंगराच्या पोटात वळसे घेत वर चढते म्हणून. पण ही शोभा लवकरच संपते आणि १५ किलोमीटरांचा बोगदा सुरू होतो. १८७२ साली त्याचे खोदकाम सुरू झाले. त्यात सुमारे २०० मजूर अपघातांत दगावले, बहुतेक इटालियन. १८७५ साली त्यांनी संप केला, तेव्हा गोळीबारात चौघे पडले. कंत्राटदार लुई फाव्र १८७९ साली बोगद्यातच कोसळून वारला. १८८० साली दोन्ही बाजू मिळाल्या, तेव्हा भोकातून प्रथम त्याचे छायाचित्र पलीकडे देण्यात आले. त्या मजुरांचे छायाचित्र कोण देणार? शोभा खिडकीतून जरूर पाहावी; मात्र अंधार झाला, की त्यांचे स्मरण करावे.