तबकडीमागची अचूकता : मोटारीत वेगळ्या बसवलेल्या मापकांचा इतिहास

इंजिनाचे तापमान, वंगणतेलाचा दाब किंवा इंधनाची पातळी दाखवणारी जी मापके मालक गाडी घेतल्यानंतर बाजारातून वेगळी आणून बसवतो, त्यांची गरज मोटार बनवणाऱ्यांच्या काटकसरीतून निर्माण झाली. 1908 ते 1927 या काळात बनलेल्या फोर्ड मॉडेल टी या अमेरिकी गाडीत पाण्याचे तापमान दाखवणारे साधन नव्हते आणि टाकीतले पेट्रोल लाकडी पट्टी बुडवून मोजावे लागे. ही उणीव 1910 नंतरच्या दशकात बॉइस मोटोमीटर या उपकरणाने काही अंशी भरून काढली. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला हा तापमापक चालकाला आपल्या जागेवरून काचेपलीकडे दिसत असे. मात्र त्याचे टोक पाण्यात बुडालेले नसून पाण्यावरच्या वाफेत असल्याने तो दाखवी ते तापमान वाफेचे असे. संवेदक नेमका कुठे बसला आहे यावर मापकाचे खरेपण अवलंबून असते, हे तत्त्व या पहिल्या लोकप्रिय उपकरणातच दिसून येते.

दाब मोजण्याची रीत मोटारीहून जुनी आहे. फ्रेंच अभियंता यूजीन बूर्दाँ याने 1849 मध्ये वाफेच्या यंत्रांसाठी जिचे पेटंट घेतले, ती चपटी व वाकवलेली धातूची नळी आत दाब वाढला की सरळ होऊ पाहते आणि तिची ही सूक्ष्म हालचाल दातेरी चाकांमार्फत काट्याला मिळते. विजेशिवाय चालणारी ही रचना स्वस्त आणि विश्वासार्ह ठरली, म्हणून यांत्रिक तेलदाबमापकांत ती आजही टिकून आहे. परंतु तिच्यासाठी तापलेले तेल बारीक नळीतून चालकापर्यंत आणावे लागते आणि नळी फुटल्यास ते आत सांडते. विद्युत मापकात हा धोका नसतो, कारण इंजिनावर बसवलेला सेंडर, म्हणजे दाबानुसार किंवा तापमानानुसार आपला विद्युतरोध बदलणारा संवेदक, तबकडीकडे केवळ तारेतून संकेत पाठवतो.

1930 नंतरच्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने काट्यांऐवजी इशाऱ्याचे दिवे वापरण्यास सुरुवात केली आणि पुढे इतरांनीही ती वाट धरली. तेलाचा दिवा दाब फार खाली गेल्यावरच पेटतो, त्यामुळे हळूहळू होत जाणारी घसरण त्यातून कळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांवर जुन्या गाड्या सुधारून वेगाने पळवणाऱ्या तरुणांना नेमकी हीच घसरण वेळेत कळणे आवश्यक होते, आणि त्यांच्या डॅशबोर्डांवर शिकागोच्या स्ट्युअर्ट-वॉर्नर कंपनीची मापके प्रतिष्ठेने झळकू लागली. 1957 मध्ये इलिनॉय राज्यात स्थापन झालेल्या ऑटो मीटर कंपनीनेही शर्यतीच्या गाड्यांसाठी मापके पुरवून नाव मिळवले.

बाजार वाढला तसा जुळणीचा प्रश्न उभा राहिला, कारण सर्व उत्पादकांनी रोधाचे एकच प्रमाण स्वीकारले नाही. अमेरिकेत रूढ असलेला इंधनाचा एक सेंडर रिकाम्या टाकीला 240 ओम आणि भरलेल्या टाकीला 33 ओम रोध दाखवतो, तर जर्मन व्हीडीओ कंपनीच्या प्रचलित प्रमाणात रिकामी टाकी 10 ओम आणि भरलेली 180 ओम असते. म्हणून एकाची तबकडी दुसऱ्याच्या सेंडरला जोडली तर दोन्ही वस्तू उत्तम असूनही काटा उलट दिशेने चालतो. दुसरी फसगत टक्केवारीत दडलेली असते. दाबमापकाची चूक सहसा पूर्ण मापपट्टीच्या टक्क्यांत सांगतात, म्हणजे 100 पौंडांपर्यंतच्या मापकावर 2 टक्के चूक ही 2 पौंडांची असते, आणि 10 पौंड दाब मोजताना तीच चूक प्रत्यक्षात 20 टक्क्यांची होते. त्यामुळे गरजेहून फार मोठी मापपट्टी घेणे हे अचूकतेचे नुकसानच आहे.

अमेरिकेत 1996 पासून नव्या मोटारींत निदानासाठी प्रमाणित जोडणी सक्तीची झाली आणि संगणकाकडची मोजमापे स्वस्त उपकरणातून वाचता येऊ लागली. तथापि जिथे तेलदाबासाठी केवळ दिव्याचा स्विच आहे, तिथे वाचण्याजोगा आकडाच नसतो आणि वेगळे मापक अजूनही लागते. तापमापकाची परीक्षा मात्र कोणालाही उकळत्या पाण्यात घेता येते, फक्त ते पाणी समुद्रकिनारी 100 अंश सेल्सिअसला आणि पुण्याच्या उंचीवर सुमारे 98 अंशांना उकळते हे ध्यानात ठेवावे लागते. तबकडीची झळाळी, रंगीत प्रकाश आणि नावाजलेली मुद्रा यांची किंमत खरेदीदार नेहमीच मोजत आला आहे. पण योग्य जागी बसलेला, तबकडीशी जुळणारा सेंडर आणि गरजेपुरती मापपट्टी या गोष्टी माफक खर्चातही साधतात, आणि इंजिनाचे रक्षण त्यांच्यामुळेच होते.