ताण संपला, मग पुढे काय? मेंदूच्या संशोधनातली वाट पाहण्याची गोष्ट

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण तुम्ही कितीदा ऐकली असेल याचा हिशोब नाही. शाळेच्या निरोप समारंभात, दहावीचा निकाल लागल्यावर, नाहीतर घरात कुणी रडत बसलं की. आमच्या धरणगावात तर प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस भेटतो, जो सांगेल की लहानपणी आम्ही जे सोसलं त्यानेच आम्ही घडलो. त्याच माणसाच्या मोबाइलवर सकाळी आलेला मेसेज मात्र सांगतो की ताणामुळे मेंदूच्या पेशी मरतात आणि हे नुकसान कायमचं असतं.

दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील? संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाशी थोडं झगडावं असं मला वाटतं. उत्तराचा मोठा भाग 'मेंदूवर काय परिणाम झाला' यात नाही. तो 'परिणाम कधी मोजला' यात आहे. या विषयाचा इतिहास त्या 'कधी'भोवती फिरतो, आणि त्यातला एक महत्त्वाचा तुकडा आपल्या मुंबईत घडलेला आहे.

सुरुवात १९३६ पासून करू. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेली नावाचा तरुण शास्त्रज्ञ उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचत होता. त्याला नवं संप्रेरक सापडेल अशी आशा होती. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, थायमस आक्रसली, जठरात व्रण पडले. पण तेच परिणाम इतर त्रासदायक पदार्थांनीही होत होते. थंडीने होत होते, जखमेनेही होत होते. संप्रेरक हाती लागलं नाही. शरीराची एक सामायिक प्रतिक्रिया हाती लागली. 'नेचर'मध्ये त्याने एक छोटं पत्र छापलं. आज आपण ज्याला 'स्ट्रेस' म्हणतो त्याची शास्त्रीय कहाणी साधारण तिथून मोजतात. आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं हे, की सेलीने या प्रतिक्रियेचे टप्पे पाडले होते: आधी धोक्याची घंटा, मग प्रतिकार, मग थकवा. म्हणजे काळाचा विचार पहिल्याच दिवशी हजर होता. मेंदूचा विचार नव्हता.

मेंदू आला १९६८ मध्ये. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्युएन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांना किरणोत्सारी खूण केलेलं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदराचं ताणाचं संप्रेरक, टोचलं आणि ते मेंदूत कुठे साठतं ते पाहिलं. सगळ्यात ठळकपणे ते साठलं हिप्पोकॅम्पसमध्ये. हा भाग आठवणींशी जोडलेला. ताण आणि स्मरण यांच्यात तार आहे, हे आता अंदाजाने बोलायची गरज उरली नाही.

इथे जरा मागे जावं लागेल, कारण एक भिंत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने चेतापेशींचा इतका बारीक अभ्यास केला होता की त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. प्रौढ मेंदूत तुटलेलं पुन्हा जुळत नाही आणि मेलेल्याच्या जागी नवं येत नाही, हा त्याच्या कामातून निघालेला निष्कर्ष पुढे सिद्धांतासारखा वापरला गेला. (खुद्द काहालने भविष्यातल्या विज्ञानासाठी दार किलकिलं ठेवलं होतं. त्याच्या अनुयायांनी ते लावून घेतलं. असं नेहमी होतं.)

भिंतीला पहिली चीर पडली ती मेंदूच्या इजेचा अभ्यास करताना. १९६२ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ ऑल्टमन उंदरांच्या मेंदूत एक छोटी इजा करून पाहत होता की तिथे कोणत्या पेशींचं विभाजन होतं. विभाजन होणाऱ्या पेशीत शिरणारं किरणोत्सारी थायमिडीन त्याने वापरलं. इजेनंतर आधार देणाऱ्या ग्लिया पेशी वाढतात, हे अपेक्षित होतं. पण खूण काही चेतापेशींमध्येही दिसली. 'सायन्स'मधल्या त्याच्या लेखाचं शीर्षकच प्रश्नचिन्ह लावून आहे: प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत नवे न्यूरॉन तयार होतात का? १९६५ मध्ये गोपाल दास यांच्यासोबत त्याने हिप्पोकॅम्पसमधला सविस्तर पुरावा दिला. फारसं कुणी ऐकलं नाही. १९७७ मध्ये मायकल कॅप्लानने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, तरीही ऐकलं नाही. १९८० च्या दशकात फर्नांडो नॉटेबोमच्या प्रयोगशाळेने कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत नव्या पेशी दाखवल्या, तेव्हा कुठे चर्चा सुरू झाली.

मग १९९२ मध्ये दोन धागे एकत्र आले. एलिझाबेथ गूल्ड आणि मॅक्युएन यांच्या गटाने दाखवलं की अधिवृक्क ग्रंथीची संप्रेरकं प्रौढ उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधलं पेशीविभाजन दाबतात. त्याच वर्षी त्यांच्याच गटाच्या दुसऱ्या कामात २१ दिवसांच्या ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या न्यूरॉनच्या फांद्या, म्हणजे डेंड्राइट, आखडलेल्या दिसल्या. लक्षात घ्या, फांद्या आखडल्या. झाड मेलं नाही. 'पेशी मरतात' हा मेसेज इथेच घसरतो.

आता भारतात येऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं, बंगळुरूला एक केंद्र आहे: एनसीबीएस. तिथे सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने साधा पण कुणी नीट न विचारलेला प्रश्न विचारला. सगळे हिप्पोकॅम्पसच पाहताहेत, भीती आणि चिंतेशी जोडलेल्या अमिग्डालात काय होतं? त्यांनी उंदरांना रोज दोन तास, दहा दिवस जखडून ठेवलं. मग गॉल्जीची पद्धत वापरून न्यूरॉन रंगवले. ही पद्धत १८७३ ची आहे बरं का. जुनं तंत्र म्हणून नाक मुरडू नका. २००२ मध्ये निकाल छापला: हिप्पोकॅम्पसमध्ये फांद्या आखडल्या, अमिग्डालात वाढल्या. एकच ताण, एकच प्राणी, दोन उलट परिणाम.

माझ्या मते खरी कमाल पुढच्या पायरीत आहे. २००४ मध्ये याच गटाने ताण थांबवला आणि उंदरांना २१ दिवस निवांत सोडलं. हिप्पोकॅम्पसमधलं आखडणं तेवढ्या काळात भरून येतं. अमिग्डालातली वाढ मात्र तशीच राहिली आणि उंदरांची चिंताही तशीच राहिली. म्हणजे 'बरं होणं' ही इजेची उलटी फिल्म नसते. मेंदूच्या प्रत्येक भागाचं घड्याळ वेगळं.

२००५ चा त्यांचा आणखी एक लेख वाचाच. लेखकांत रूपशी मित्रा आणि शंतनु जाधव आहेत, आणि खुद्द मॅक्युएनही आहे. त्यात ताण एकदाच दिला, फक्त दोन तास. दुसऱ्या दिवशी अमिग्डाला पाहिला तर काही नाही. दहा दिवसांनी पाहिला तर डेंड्राइटवरचे काटे, जिथे न्यूरॉन एकमेकांशी जोडले जातात ते, वाढलेले, चिंताही वाढलेली. समजा हा प्रयोग तुम्ही केला असता आणि दुसऱ्याच दिवशी मोजमाप आटोपलं असतं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये काय लिहिलं असतं? 'एका वेळच्या ताणाचा परिणाम होत नाही.' आकडे बरोबर, निष्कर्ष चूक.

आता मुंबई. विदिता वैद्य मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, येल विद्यापीठात रोनाल्ड ड्यूमन यांच्याकडे पीएचडी केली आणि २००० मध्ये कुलाब्याला टीआयएफआरमध्ये स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. ड्यूमन यांचा गट त्या काळात नैराश्यावरची औषधं बीडीएनएफ या प्रथिनाला आणि नव्या न्यूरॉनच्या निर्मितीला कशी चालना देतात, यावर काम करत होता. वैद्य यांनी तो प्रश्न बालपणाकडे वळवला. पुढे २०१५ चा भटनागर पुरस्कार आणि २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला, पण मला सांगायचंय ते २०१३ च्या एका लेखाबद्दल. पहिली लेखिका दीपिका सुरी.

प्रयोग असा. उंदराची पिल्लं जन्मानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून दूर ठेवली. नंतर काही नाही, नेहमीसारखी वाढू दिली. दोन महिन्यांची, म्हणजे ऐन तरुण झाल्यावर तपासली, तर चक्रावून टाकणारं चित्र: हिप्पोकॅम्पसमध्ये नवे न्यूरॉन जास्त, बीडीएनएफ जास्त, आणि हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असलेल्या कामांत ही पिल्लं सरस. टाकीचे घाव, देवपण, सगळं जुळलं! इथेच थांबून कुणी लेख छापला असता तर निरोप समारंभांच्या भाषणांना शास्त्रीय आधार मिळाला असता.

ते थांबले नाहीत. तशाच उंदरांना त्यांनी पंधरा महिन्यांपर्यंत वाढवलं. उंदराच्या आयुष्यात ही मध्यमवय ओलांडत आल्याची वेळ. आता चित्र उलटं: नवे न्यूरॉन कमी, बीडीएनएफ कमी, स्मरणात घट. बालपणाच्या ताणाने तरुणपणी जे दिलं, ते पुढे व्याजासकट वसूल केलं म्हणा. हे उंदरांचं आहे, माणसांवर जसंच्या तसं चिकटवू नका. पण आपल्या गल्लीतल्या त्या घडलेल्या माणसाला आपण कोणत्या वयात प्रश्न विचारतोय, हे मनात येतंच.

वाढलेल्या पेशी म्हणजे बरं होणं, हाही समज इथे तपासून घ्या. १९९७ मध्ये जॅक पॅरेंट आणि डॅनियल लोवेनस्टीन यांच्या गटाने दाखवलं की झटक्यांनंतर उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नवे न्यूरॉन वाढतात, पण त्यातून तयार होणारं जाळं बिघडलेलं असतं. १९९८ मध्ये मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ तोडलेल्या जर्बिल प्राण्यांतही नव्या पेशी वाढल्याचं दिसलं. इजा झाली की मेंदू हात-पाय हलवतो. त्याने चांगलं होतं की वाईट, हे मोजणी एकदाच करून कळत नाही.

धरणगावचं नाव काढलं की पुढचा माणूस बालकवींचं नाव काढतो. १८९० मध्ये ते इथे जन्मले, १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. त्यांच्या कवितेतल्या उदासीनतेवरून मेंदूचं निदान करायचा मोह मी अनेकांत पाहिलाय, सेमिनारमध्येसुद्धा. करू नका. हाती कविता आहेत, मोजमाप एकही नाही.

आता तुमच्या कामाचं. जेआरएफ मिळाली तर फेलोशिप पाच वर्षांची. पंधरा महिन्यांचे उंदीर हवे असतील तर पहिलं दीड वर्ष प्राण्यांच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि वाट पाहण्यातच गेलं समजा. मध्ये पिंजऱ्यातले काही जनावर मरतील, एखादी बॅच वाया जाईल. म्हणून गाईड बहुतेक वेळा 'दोन महिन्यांवर संपव' असं सांगतात, आणि त्यांचंही चुकत नाही. थिसिस वेळेत जमा व्हायला हवा. पण सिनॉप्सिस लिहिताना निदान एक गट 'ताण थांबल्यानंतर इतके दिवस' असा ठेवता येतो का, ते विचारा. एनसीबीएसचा २००४ चा निकाल त्या २१ दिवसांच्या गटातूनच आला, आणि त्यासाठी कुठलं नवं यंत्र लागलं नाही.

माणसांच्या बाबतीत वाद अजून मिटलेला नाही. १९९८ मध्ये पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांनी कर्करोगाच्या रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत नव्या न्यूरॉनची खूण दाखवली होती. २०१८ मध्ये एका गटाने 'नेचर'मध्ये सांगितलं की प्रौढ माणसात असे न्यूरॉन सापडत नाहीत. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने सांगितलं की म्हातारपणापर्यंत सापडतात. २०१९ मध्ये माद्रिदच्या एका गटाने भांडणाच्या मुळाशी जाऊन पाहिलं. त्यांच्या मते बराचसा फरक मृत्यूनंतर मेंदूचा तुकडा रसायनात किती तास ठेवला यातून येतो: जास्त वेळ ठेवला की नव्या न्यूरॉनची खूण पुसट होते. तुम्ही या विषयातला पेपर उघडाल तेव्हा निकालाच्या आधी पद्धतीचा भाग काढा आणि तासांचा तो आकडा शोधा.