पोटाला लावलेला कान

गरोदर बाईला दूर बसलेल्या डॉक्टरनं तपासायचं, तर तिच्याजवळ काय काय हवं? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही.

1816 साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची सुरळी छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्मला. पाचच वर्षांनी केरगाराडेक यानं तीच नळी गरोदर बाईच्या पोटाला लावली, तर आत दुसरं काळीज धडधडताना ऐकू आलं! 1895 मध्ये पिनारनं त्यासाठी खास भोंगा केला. नर्सबाई वाकून तो पोटाला लावत आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजत. मिनिटाला 110 ते 160 भरले, तर बाळ ठीक.

आमच्या घरी सुईणीला दाई म्हणत. दाईचं शास्त्र तिच्या बोटांत असे. मूल आडवं आहे की उभं, ते तिला हातानं कळे. पण रक्तदाब बोटांना कळत नाही. त्यासाठी रिवा-रोचीचा 1896 मधला दंडाचा पट्टा आणि कोरोत्कोव्हनं 1905 मध्ये सांगितलेली ऐकण्याची पद्धत, ही जोडी लागते. विसाव्या आठवड्यानंतर आकडा 140/90 च्या वर गेला आणि लघवीत प्रथिनं दिसली, तर बाई धोक्यात आहे. तिला मात्र कधी कधी काहीच होत नसतं. माझ्या मते टेलिमेडिसिनची खरी पेटी एवढीच: दंडाला बसेल असा पट्टा, वजनकाटा, टेप, हिमोग्लोबिन मोजायचं साधन, लघवीच्या पट्ट्या आणि ठोके ऐकवणारा हातातला डॉपलर. डॉपलरबरोबर जेल आणि जादा सेल. जेल संपलं की यंत्र मुकं होतं, ही गोष्ट बहुतेक आराखड्यांत नसते.

2001 मध्ये इस्रोनं उपग्रहावरून टेलिमेडिसिनचे प्रयोग सुरू केले. त्याच दशकात बारामतीत, 1972 साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेत, खेड्यांसाठी संगणक कसा वापरावा यावर परिषदा भरत. बोलबाला होता जोडणीचा. टॉवर कुठे, बँडविड्थ किती! बंगळूरच्या न्यूरोसिनॅप्टिक कंपनीनं मात्र रक्तदाब, ताप, ईसीजी आणि छातीचे आवाज मोजून पाठवणारा संच बनवला. मोजल्याशिवाय पाठवायचं काय, हे त्यांना उमगलं होतं. आज ई-संजीवनीवर उपकेंद्रातून डॉक्टरशी बोलता येतं. 2020 च्या मार्चमध्ये दूरवैद्यकाची नियमावलीही आली.

सोनोग्राफीची गोष्ट वेगळी. ग्लासगोच्या इयान डोनाल्डनं 1958 मध्ये ती पोटाच्या तपासणीत आणली. आपल्याकडे तिचा उपयोग मुली पाडायला झाला, म्हणून महाराष्ट्रानं 1988 मध्ये देशात पहिला कायदा केला, 1994 मध्ये केंद्रानं केला. त्यामुळे उचलून नेता येणारं यंत्रही मनाला येईल तिथे नेता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. पण त्यामुळे सोनोग्राफीसाठी बाईलाच नोंदणी झालेल्या केंद्रावर जावं लागतं.

आणि बाई कुठे आहे? दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या उसात बीड-नगरकडच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. बायको दवाखान्यात गेली की कोयता अर्धा होतो आणि खाडा पडतो. तिची आशाताई गावाकडे राहिलेली. गरोदरपणाचं कार्डही बहुतेकदा गावच्या पत्र्याच्या पेटीत. कोपीत वीज नाही, मोबाइलला मात्र रेंज आहे. डॉक्टर पडद्यावर दिसला, तरी मागचा रक्तदाब किती होता, हे त्याला कुणी सांगायचं?

म्हणून मी त्या पेटीत आणखी एक वस्तू घालीन, तिच्या कार्डाची प्रत. पाचव्या महिन्यात आलेली बाई पट्टा पडेपर्यंत इथेच असते. तिचे उरलेले सगळे महिने नीरेच्या काठच्या उसात जातात.