आनापानसती : श्वासाच्या दारावरचा पहारा

शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारणतः १२ ते २० वेळा श्वास घेतो. आपल्याकडील योगपरंपरेने अहोरात्राचा हिशेब २१,६०० श्वासांचा धरला आहे; म्हणजे मिनिटाला १५. जुने आणि नवे मोजमाप येथे एकमेकांशी चांगलेच जुळते. मात्र या हजारो श्वासांपैकी दोन-चारांची तरी दखल आपण घेतो काय? लोकल पकडण्याची घाई, कार्यालयातील मुदती आणि हातातला सतत खणखणणारा मोबाइल यांच्या गदारोळात श्वास आपला आपण चालू राहतो, हे एका परीने बरेच आहे. पण नेमक्या या दुर्लक्षित क्रियेकडेच चित्ताच्या स्थैर्याचे साधन म्हणून पाहणारी एक विद्या अडीच हजार वर्षांपासून भारतात सांगितली गेली. तिचे नाव आनापानसती.

‘आनापान’ म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास. ‘सती’ हे ‘स्मृती’चे पाली रूप. येथे स्मृतीचा अर्थ आठवण असा नसून जागरूकता असा आहे. मज्झिमनिकायातील ११८ वे सुत्त याच विषयाला वाहिलेले असून त्यात साधनेच्या सोळा पायऱ्या दिल्या आहेत. श्वास दीर्घ असेल तर तो दीर्घ आहे हे जाणणे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणणे, येथून आरंभ होतो. पुढे काया, वेदना, चित्त आणि धर्म या क्रमाने निरीक्षण सूक्ष्म होत जाते.

प्राणायामाशी याची गल्लत नेहमी होते. प्राणायामात श्वासाचे नियमन असते. पूरक, कुंभक, रेचक यांचे प्रमाण ठरवावे लागते. आनापानात श्वासाला हात लावायचा नाही. तो जसा आहे तसा पाहायचा. ऐकायला हे सोपे वाटते, पण करून पाहणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांतच मनाच्या पळापळीचा अंदाज येतो.

पाचव्या शतकातील बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात अशा चंचल मनासाठी श्वास मोजण्याची युक्ती सांगितली आहे: गणना पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये. गोठ्याच्या दाराशी बसून बाहेर पडणाऱ्या गाई मोजणाऱ्या गुराख्याची उपमा त्याने त्यासाठी दिली. दुसरी उपमा द्वारपालाची. नगरात कोण काय करतो याची चौकशी द्वारपाल करत बसत नाही; वेशीतून जो येतो-जातो तेवढ्यावर त्याची नजर असते. साधकानेही श्वासामागे फुप्फुसापर्यंत धावायचे नाही, नासिकेच्या दाराशी थांबायचे. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत प्रसिद्ध झाली ती गोमंतकीय पंडित धर्मानंद कोसंबी यांच्या संपादनाखाली. त्यांनी १९२५ मध्येच ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक लिहून हा विषय मराठीत आणला होता. आज ते फारसे कोणी वाचत नाही, ही खंत आहे.

महाराष्ट्रात ही साधना सर्वतोमुखी झाली ती सत्यनारायण गोएंका यांच्यामुळे. १९२४ मध्ये मंडाले येथे जन्मलेले गोएंका व्यापारी होते आणि तीव्र अर्धशिशीने त्रस्त होते. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू संन्यासी नव्हते. ब्रह्मदेशाचे महालेखापाल असलेला हा गृहस्थ एकाच वेळी अनेक सरकारी खात्यांचा भार वाहत असे आणि त्याच दिनक्रमात ध्यान शिकवीत असे. ‘वेळ नाही’ या सबबीला याहून चोख उत्तर दुसरे नसावे.

गोएंकांनी भारतातील पहिले शिबिर जुलै १९६९ मध्ये मुंबईत घेतले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात शिबिरे भरू लागली. दहा दिवसांचे मौन, पहाटे चारला उठणे आणि पहिले तीन दिवस निव्वळ आनापान. विपश्यनेचा प्रारंभ चौथ्या दिवशी. शिबिराचे शुल्क नसते, खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो. एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार कारागृहात हजाराहून अधिक बंदिवानांनी अशा शिबिरात भाग घेतला. तेव्हा किरण बेदी तेथील कारागृह महानिरीक्षक होत्या. गोएंकांचे २०१३ मध्ये निधन झाले.

श्वासच का, याचे एक शारीरिक कारण आहे. हृदयाचे ठोके किंवा पचन आपल्या इच्छेने थेट चालत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि इच्छेनेही बदलता येतो. शिवाय उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित मंदावते, श्वास घेताना वाढते. राग, भय, घाई यांची पहिली नोंद श्वासावर उमटते, हे तर कोणीही स्वतःवर ताडून पाहू शकेल.

अलीकडे कंपन्या कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवतात ते बहुधा काम अधिक व्हावे म्हणून. मूळ सुत्तात साधकाला जायला सांगितले आहे ते अरण्यात, वृक्षातळी किंवा रिकाम्या घरात. उद्देश आसक्ती सोडण्याचा आहे. थकवा दूर होणे हा वाटेतला लाभ झाला. गंभीर मानसिक विकार असणाऱ्यांनी दीर्घ मौनशिबिरात जाण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे, आणि प्रवेश-अर्जात आजाराची माहिती लपवू नये. श्वासाकडे लक्ष देताच ज्यांची घबराट वाढते, त्यांनी चालताना पावलांकडे लक्ष द्यावे. बौद्ध परंपरेत चंक्रमण या नावाने तीही रीत पूर्वापार आहे.