वाटी, वार आणि माकडहाड

१८८६ साली कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री-विभागाची जबाबदारी डॉ. आनंदीबाई जोशी यांना देऊ केली.

अडचण केवळ औषधाची नव्हती, शब्दांचीही होती. परपुरुषासमोर शरीराचे नाव घेणे त्या काळच्या स्त्रीला अवघड. 'अंगावर जाते', 'ओटीपोटात कळ येते' अशा आडपडद्याच्या बोलीतून वैद्याने दुखणे ओळखायचे.

आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकल्या ती शारीराची परिभाषा लॅटिन-ग्रीक वळणाची. ती परकी खरी, पण वाटते तितकी दूरची नाही. गुडघ्यावरील हाड 'पॅटेला', म्हणजे लहानशी थाळी. मराठीत तीच गुडघ्याची वाटी. मणक्याच्या टोकाशी ग्रीकांना कोकिळेची चोच दिसली, म्हणून 'कॉक्सिक्स'. आपल्याकडे शेपूट आठवले, म्हणून माकडहाड!

संस्कृतची परंपरा निराळीच. सुश्रुताने हाडे ३०० मोजली, कारण त्यात दातही धरले. आधुनिक शारीर प्रौढ देहात २०६ मोजते.

आनंदीबाईंचा प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. लॅटिन 'प्लॅसेंटा', संस्कृत 'अपरा' आणि सुईणीच्या तोंडची 'वार' ही एकाच गोष्टीची नावे. पुस्तकातले नाव आणि बाळंतिणीचे नाव दोन्ही जाणणारी, शिवाय स्त्री असलेली डॉक्टर तेव्हा दुर्मीळच.

आनंदीबाईंनी पद स्वीकारले. परंतु क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यात निवर्तल्या. कोल्हापूरच्या कक्षात रुजू होणे राहूनच गेले.