मुंबई-आग्रा महामार्ग आणि भिवंडी

भिवंडीत नुसते ‘आग्रा रोड’ म्हटले तरी पुरते. कोणता, असे कोणी विचारीत नाही. काशेळीचा पूल ओलांडून काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा असा येणारा, शहराच्या पोटातून जाऊन चाविंद्र्यावरून वडप्याकडे निघणारा हा रस्ता म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गाचा मूळ प्रवाह होय. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ या नावाने तो अनेक दशके ओळखला गेला. त्याची एकूण लांबी १,१६१ किलोमीटर. त्यांपैकी मध्य प्रदेशात ७१२, महाराष्ट्रात ३९१, राजस्थानात ३२ आणि उत्तर प्रदेशात अवघे २६ किलोमीटर. नाव आग्र्याचे असले तरी आग्र्याच्या प्रांतात त्याचा वाटा सर्वांत कमी, ही गंमतच म्हणावी लागेल. महाराष्ट्रातील त्याची वाट ठाणे, भिवंडी, शहापूर, कसारा, इगतपुरी, नाशिक, चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर अशी जाते आणि पळासनेरच्या पुढे राज्याची हद्द संपते.

डांबराचा रस्ता अलीकडचा. वाट मात्र फार जुनी आहे. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल थळ घाट चढून नाशिककडे जात असे. नाशिकजवळ महामार्गालगतच असलेल्या पांडवलेण्यांतील एका शिलालेखाकडे वस्त्रव्यवसायातील प्रत्येकाने लक्ष द्यावे, असा त्याचा मजकूर आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांतील २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, तर १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब करून पाहिला तर वर्षाचे व्याज २४० येते आणि २० भिक्षूंचे १२ प्रमाणे २४० च होतात. एका कार्षापणाचीही तफावत नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात या वाटेवरचे विणकर राजघराण्याची ठेव सांभाळण्याइतके पतदार होते, हे यावरून दिसते.

भिवंडीचे महत्त्व मूलतः खाडीमुळे. कल्याण-भिवंडी ही जोड बंदरे शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये घेतली आणि तेथेच मराठी आरमाराचा पाया घातला गेला, हे सर्वश्रुत आहे. बंदरातला माल घाटावर नेण्याचे काम बैलांच्या तांड्यांचे. वंजारपट्टी या नावात त्या तांड्यांची आठवण असावी, असे मानण्यास हरकत नाही. कसारा घाटात टोपीसारखे घुमटाकार छत असलेली एक विहीर आहे. ती पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी वाटसरूंसाठी बांधली, असे परंपरेने सांगितले जाते. इंदूरकडे जाणाऱ्या वाटेवर पाण्याची सोय करणे हे होळकरांच्या राज्यकर्तीस सुचावे, यात नवल नाही. कंपनी सरकारच्या अमदानीत माळव्याची अफू आणि खानदेशचा कापूस मुंबईस आणण्यासाठी या रस्त्याची गरज वाढली व एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याला गाडीरस्त्याचे रूप येत गेले.

इतक्यात आगगाडी आली. १८५३ मध्ये ती ठाण्यास, १८५४ मध्ये कल्याणास, १८६१ मध्ये कसाऱ्यास आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचली. हा लोहमार्ग कल्याणवरून गेला व भिवंडी बाजूला राहिली. जोड बंदरांपैकी एकाला जंक्शन मिळाले, दुसऱ्याच्या वाट्यास रस्ता आला. भिवंडीच्या पुढील सर्व इतिहासाचे मूळ या एका घटनेत आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकरांची कुटुंबे मोठ्या संख्येने दक्षिणेकडे निघाली. हातमागाचे कसब हीच त्यांची शिदोरी. आग्रा रस्त्याने पायी चालत आलेल्यांपैकी कित्येक मालेगावास थांबले, कित्येक घाट उतरून भिवंडीस आले. मालेगाव आणि भिवंडी ही महाराष्ट्रातील दोन मोठी यंत्रमागाची गावे एकाच रस्त्यावर आहेत, हा योगायोग नव्हे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत वीज आली, हातमागाच्या जागी यंत्रमागाचा खडखडाट सुरू झाला आणि हालार, कच्छ, मारवाड येथून आलेल्या व्यापाऱ्यांनी सूत पुरविणे व कापड उचलणे ही कामे हाती घेतली. विणणारा एका धर्माचा, विकणारा दुसऱ्या धर्माचा, आणि दोघांचा माल वाहणारा रस्ता एकच, अशी ही व्यवस्था बसली.

मोटारी वाढल्या तसा रस्त्यांचा प्रश्न देशभर ऐरणीवर आला. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने रस्ते ही केवळ स्थानिक मंडळांची बाब नसून केंद्राची जबाबदारी आहे, असे प्रतिपादन केले आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने या रस्त्यास क्रमांक ३ कायम मिळाला. मुंबईत सायनपासून ठाण्यापर्यंतच्या त्याच्या भागाला पुढे लाल बहादूर शास्त्री मार्ग हे नाव दिले गेले.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्यांची धुरांडी थंडावली, तेव्हा कापडाची मागणी मात्र थांबली नव्हती. ती भिवंडीने भागविली. येथील ग्रे कापड ट्रकांत भरून पाली, बालोत्रा, सुरत, अहमदाबाद येथील प्रोसेस हाऊसकडे जाऊ लागले.

याच सुमारास व त्यानंतर वाढत गेलेला दुसरा व्यवसाय गोदामांचा. त्याचे कारण जकात. मुंबईत माल आला की मुलुंडच्या नाक्यावर जकात भरावी लागे, माल विकला गेलेला असो वा नसो. तोच माल काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली या ग्रामपंचायतींच्या हद्दीत उतरविला तर जकात नाही. ग्राहक मिळेल तसा तो थोडा थोडा मुंबईत न्यावा, आणि परगावी पाठवावयाचा असेल तर मुंबईची जकात मुळीच भरू नये. भांडवल अडकून पडत नाही, हे ज्या व्यापाऱ्यास प्रथम उमगले त्याचे नाव इतिहासात नोंदलेले नाही. परंतु त्याच्या गणितावर भातशेतीच्या जागी गोदामांची रांग उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात संपली, तेव्हा गोदामे ओस पडतील असे भाकीत अनेकांनी केले. घडले उलटेच. राज्याराज्यांत वेगळा डेपो ठेवण्याची गरज उरली नाही, कंपन्या मोठ्या गोदामांकडे वळल्या आणि ऑनलाइन विक्रीच्या मालासही भिवंडीच सोयीची ठरली. मात्र ही सारी वाढ आराखड्यावाचून झाली. शहराभोवतालच्या गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची नेमणूक २००७ मध्ये झाली, तोवर अनेक गोदामे उभी राहिली होती. अरुंद रस्ते आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी हे त्याचेच फळ.

दरम्यान महामार्ग शहरातून बाहेर पडला होता. खारेगाव, मानकोली, राजनोली या मार्गाने वडप्यास मिळणारा वळणरस्ता खाजगी भांडवलातून, टोल आकारून वसुली करण्याच्या तत्त्वावर झाला. खारेगावचा टोल २०१७ मध्ये बंद झाला. वडपे ते गोंदे या ९९.५ किलोमीटरांचे चौपदरीकरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने त्याच तत्त्वावर करवून घेतले. २०१० च्या पुनर्क्रमांकनात क्रमांक ३ ही जुनी ओळखही पुसली गेली आणि एका रस्त्याचे अनेक क्रमांक झाले. जुन्या आग्रा रोडवर आता ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब आहेत. तिचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले.

मे २०२० मध्ये या महामार्गाने जे दृश्य पाहिले ते विसरण्याजोगे नाही. टाळेबंदीत माग थांबले, मजुरी थांबली, खानावळी बंद पडल्या. डोक्यावर बोचके, कडेवर मूल घेऊन मागकामगार नाशिकच्या दिशेने पायी निघाले. ज्या वाटेने विणकर आले होते, त्याच वाटेने ते परतत होते. भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरसाठी श्रमिक गाडी सुटली खरी. परंतु चालणाऱ्यांची रांग त्यानंतरही संपली नाही. मार्गावरील गावांनी, संस्थांनी आणि ट्रस्टांनी जेवण, पाणी, चपला दिल्या, ही समाधानाची बाब. तथापि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या श्रमावर गावाची पेढी चालली त्यांना दोन महिने सांभाळण्याची व्यवस्था गावाजवळ नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरांचा मार्ग भिवंडी तालुक्यात येऊन पोहोचला. कसारा घाटाची वळणे टाळून सुमारे ७.८ किलोमीटरांच्या जुळ्या बोगद्यांतून वाहने जातात. व्यापारास हे मोठेच वरदान आहे. परंतु त्यावर दुचाकी, रिक्षा आणि पादचारी यांना मज्जाव आहे. पायी विहार करणाऱ्या साधु-साध्वीजींना ठाण्याहून नाशिक, चांदवड, मालेगावकडे जाताना जुना आग्रा रस्ताच धरावा लागतो. जो टप्पा मोटार तासाच्या आत ओलांडते, त्याला त्यांचे चार-पाच दिवस जातात, आणि तेही पहाटेच्या अंधारात, भरधाव ट्रकांच्या कडेने. महामार्गांवर विहारात झालेल्या अपघातांची दुःखद वृत्ते समाजास नवीन नाहीत. माजिवडा ते वडपे या सुमारे २४ किलोमीटरांच्या आठपदरीकरणाचे काम २०२१ मध्ये हाती घेतले गेले. त्याच्या कडेने वडप्यापर्यंत, आणि पुढे कसाऱ्यापर्यंत, कठडा घातलेली एक पायवाट असावी, ही मागणी करण्यास व्यापारी संघटनांनी संकोच बाळगू नये. तिचा उपयोग साधु-साध्वीजींना होईल, तसाच शहापूरच्या शाळकरी मुलांना आणि पाळी सुटल्यावर घरी परतणाऱ्या गोदाम-कामगारांनाही होईल.